मॉर्फीन देणारं हॉस्पिस वाईट? उलट आहे

‘तिथे मॉर्फीन देतात, माणूस लवकर जातो’ हे ऐकून अनेक घरं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, नाकारतात. वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे. वेदनेच्या मापाने, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फीनने, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या या औषधाने, मरण ओढवत नाही. बहुतेकदा ते शेवटच्या दिवसांत सुरू होतं, म्हणून दोष त्याच्या माथी येतो.

खरं तर हॉस्पिस पारखायचं ते इथेच. पहिला प्रश्न: तोंडाने घ्यायचं मॉर्फीन तुमच्याकडे कायम असतं का? 2014 मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून मान्यताप्राप्त संस्थेला ते ठेवता येतं. ‘परवाना मिळत नाही हो’ हे उत्तर आता पुरेसं नाही.

मग रुग्णाचा तक्ता बघा. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून डोस घड्याळाप्रमाणे हवा. ‘दुखलं की द्या’ एवढंच लिहिलं असेल तर रुग्ण दर वेळी कळवळल्यावरच गोळी मिळते. मधेच उसळणाऱ्या कळेसाठी वेगळा डोस लिहिलेला असावा, साधारण दिवसभराच्या मात्रेचा सहावा भाग: 60 मिलिग्रॅम चालू असेल तर 10. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. बद्धकोष्ठता आपोआप जात नाही. गुंगी मात्र बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. ती वाढतच गेली तर मूत्रपिंडं तपासून मात्रा बदलतात का, हेही विचारा.

आणि रात्री दोनला फोन कोण उचलतं? नर्स की वॉचमन?