जायकवाडीचं पाणी: वादाची पार्श्वभूमी

पैठणच्या जायकवाडी धरणासाठी वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही, हा त्या भागाचा आणि मराठवाड्याचा जुना वाद. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सिन्नर, कोपरगावकडे तो पाचशेच्या घरात येतो. पैठणपर्यंत येणारं बरंचसं पाणी दारणा, कादवा, प्रवरा, मुळा या नद्यांच्या डोंगरातल्या पाणलोटाचं असतं. तिथे अडवलं, की खाली तूट ठरलेलीच.

अडवायला सुरुवात इंग्रजांच्या काळात झाली. नांदूर मधमेश्वरचा बंधारा, दारणा, भंडारदरा; त्यांच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला आणि पुढे साखर कारखाने. जायकवाडीची पायाभरणी १९६५ची, लोकार्पण १९७६चं. आराखड्यात पैठणच्या वर सुमारे १९६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरलं होतं. ११५ वरच्यांनी वापरायचं, उरलेलं जायकवाडीचं. पण वर धरणं वाढत गेली आणि मूळ हिशेबच फुगवलेला असल्याचं नंतरच्या फेरआढाव्यात दिसलं. ७६ टीएमसी उपयुक्त साठ्याचं धरण वर्षानुवर्षं अर्धं रिकामं राहिलं.

२००५च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांनी टंचाई वाटून घ्यावी, असं सांगितलं. अंमलबजावणीचं सूत्र यायला मात्र २०१४ उजाडलं: १५ ऑक्टोबरला खरिपाचा वापर धरून जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरून पाणी सोडायचं. खरा वाद इथला. वरचे शेतकरी म्हणतात, आमच्या कालव्यांचे हक्क शंभर वर्षांचे आणि सोडलेलं पाणी वाटेतच जिरतं. गळतीचा मुद्दा खराच आहे. कोरड्या पात्रातून वाहताना पाणी मुरतं, वाटेत अडतं, उपसलंही जातं, म्हणून सोडण्याआधी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या मोटारींची वीज तोडावी लागते. पण पाणी सोडणं डिसेंबरवर ढकललं तर नुकसान वाढतं, आणि ते ढकललं जातं वरच्याच विरोधामुळे. मराठवाड्याने याची किंमत पिण्याच्या पाण्यात मोजली आहे.

२०१६मध्ये उच्च न्यायालयाने कायदा आणि सूत्र, दोन्ही उचलून धरलं. त्यानंतरही २०१८ आणि २०२३ला पाणी सुटलं ते आंदोलनं आणि कोर्टकज्जे झाल्यावरच. आता कोकणात वाहून जाणारं पाणी गोदावरीत वळवायच्या योजनांवर भिस्त ठेवली जाते; १५ ऑक्टोबरचा हिशेब तोवर दरवर्षी मांडावाच लागणार.