८६५ चे चार काटकोन

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी माणसाला ८६५ हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही. महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या सीमाभागातील गावांची ही संख्या असून महाराष्ट्र विधिमंडळाच्या डिसेंबर २०२२ मधील ठरावातही ती आली आहे. त्या वादाची चर्चा आपल्याकडे बारमाही चालते. येथे मात्र ८६५ कडे निव्वळ संख्या म्हणून पाहायचे आहे, कारण तशी पाहिल्यास ती अपेक्षेपेक्षा बरीच रंजक निघते.

८६५ म्हणजे ५ गुणिले १७३. या दोन्ही मूळ संख्या आहेत आणि दोन्हींना ४ ने भागले असता बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात, आणि तीही एकाच प्रकारे, लिहिता येते, असे फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६४० मध्ये सांगितले. सिद्धता पुढे अठराव्या शतकात ऑयलर यांनी दिली. त्यानुसार ५ = १² + २² आणि १७३ = २² + १३². आता १, २ आणि १३, २ या जोड्यांचे गुणाकार (१ × १३ = १३, २ × २ = ४, २ × १३ = २६, १ × २ = २) घेऊन १३ मध्ये ४ मिळवावेत व २६ मधून २ वजा करावेत, म्हणजे १७ आणि २४ मिळतात. उलट १३ मधून ४ वजा करून २६ मध्ये २ मिळवल्यास ९ आणि २८ मिळतात. म्हणून

८६५ = १७² + २४² = ९² + २८².

ही युक्ती फार जुनी आहे, ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये तिचे अधिक व्यापक रूप मांडले होते.

सीमाप्रश्नात पूर्वी ऐकू येणारा आकडा ८१४ होता. तो मात्र दोन वर्गांच्या बेरजेत कधीच बसत नाही, कारण ८१४ = २ × ११ × ३७ आणि यातील ११ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते. अशा मूळ संख्येने दोन वर्गांच्या बेरजेला भाग जायचा, तर तो जोडीनेच जावा लागतो. ८१४ मध्ये ११ एकटाच आहे.

वर्गांची बेरीज म्हटली की काटकोन त्रिकोण आलाच. आपल्याकडे ३० बाय ४० च्या प्लॉटवर पाया आखताना गवंडी कोपरा गुण्यात आहे की नाही हे कर्ण मोजून पाहतो. तो नेमका ५० फूट भरला पाहिजे. हाच ३-४-५ चा त्रिकोण १७३ पट केला की बाजू ५१९ व ६९२ आणि कर्ण ८६५ होतो. १७३ कर्णाचा ५२-१६५-१७३ हा त्रिकोण पाचपट केल्यास बाजू २६० व ८२५ येतात. वर मिळालेल्या दोन बेरजा आणखी दोन त्रिकोण देतात: १७ व २४ पासून २८७ व ८१६, तर ९ व २८ पासून ५०४ व ७०३. वर्गांतील फरक ही एक बाजू आणि गुणाकाराची दुप्पट ही दुसरी, एवढाच त्याचा हिशेब. (असे चार त्रिकोण देणारा सर्वांत लहान कर्ण ६५ आहे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.)

मोकळ्या जागेत ८ मीटर ६५ सेंटीमीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकून त्या अंतराला व्यास मानून अर्धवर्तुळ काढले, तर परिघावरील कोणत्याही बिंदूपाशी काटकोनच होतो. परंतु त्या बिंदूपासून दोन्ही खुंट्यांपर्यंतची अंतरे पूर्ण सेंटीमीटरमध्ये येतील अशा जागा, बाजूंची अदलाबदल धरूनही, त्या अर्धवर्तुळावर आठच सापडतात.