लाल मण्यांचा प्रयोग

समूहप्रशिक्षणात रूपक म्हणून करून दाखवला जाणारा एक साधा प्रयोग. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ विल्यम एडवर्ड्स डेमिंग (१९००–१९९३) यांनी व्यवस्थापकांसाठी घेतलेल्या चार दिवसांच्या वर्गांमुळे तो जगभर पोचला. मालात दोष निघाला की खापर कामगाराच्या डोक्यावर फोडायचे, या सवयीवर तो बोट ठेवतो.

भांड्यात सुमारे ४,००० मणी असतात : ३,२०० पांढरे, ८०० लाल. सोबत ५० खळग्यांची एक फळी. श्रोत्यांतून सहा कामगार, दोन तपासनीस, एक मुख्य तपासनीस आणि एक कारकून निवडतात. प्रशिक्षक स्वतः मुकादम होतो. ग्राहकाला फक्त पांढरे मणी हवेत, लाल मणी म्हणजे दोष. कामगाराने मणी ओतून मिसळायचे, फळी बुडवायची आणि ठरलेल्या कोनात वर काढायची. डेमिंग हा कोन ४४ अंश सांगत. फळीवर आलेले ५० मणी ही त्याची दिवसाची कामगिरी. दोघे तपासनीस लाल मणी स्वतंत्रपणे मोजतात. या लुटुपुटूच्या कारखान्यात शास्त्राला धरून होते ते एवढेच.

पुढचा सगळा खेळ मुकादमाचा. सहा लाल मणी काढणाऱ्याची तो पाठ थोपटतो, चौदा काढणाऱ्याला सर्वांदेखत झापतो. घोषवाक्ये लावतो, लक्ष्य ठरवून देतो, बक्षीस जाहीर करतो. आदल्या दिवशीचा गुणी कामगार दुसऱ्या दिवशी घसरला, की मुकादमाला वाटते हा माजला. अखेर तळाच्या तिघांना घरी पाठवून वरच्या तिघांकडून दुप्पट पाळी करून घेतात. आकडे सुधारत नाहीत. कारखाना बंद होतो.

मग फळ्यावर नियंत्रण आलेख काढतात, म्हणजे रोजचे आकडे आणि निव्वळ योगायोगाने ते किती वरखाली होऊ शकतात याच्या मर्यादा दाखवणारा आलेख. लाल मणी २० टक्के, म्हणून सरासरी दहाच्या आसपास. त्याच हिशेबाने नियंत्रण मर्यादा साधारण २ ते १८ येतात. सहा काय नि चौदा काय, दोन्ही त्याच भांड्यातून आणि त्याच फळीवर आलेले. सरासरी नेमकी दहाच येईल असे मात्र नाही. हाताने मिसळणे म्हणजे यादृच्छिक (प्रत्येक मण्याला सारखीच संधी देणारी) निवड नव्हे आणि फळी बदलली की सरासरीही बदलू शकते, हे डेमिंग आवर्जून सांगत.

हे सारे गणिताने पाच मिनिटांत समजावता येते. तरी प्रयोगच करावा, कारण खोटा मुकादम ओरडला तरी खरा माणूस ओशाळतो. आपल्या हातात काही नाही हे ठाऊक असूनही तो पुढच्या वेळी फळी जपून उचलतो. चर्चा तिथूनच सुरू करावी. अर्थ आधीच सांगून टाकला तर प्रयोग फुकट जातो. रूपकाची मर्यादाही सांगायला हवी. इथे कौशल्याला जागाच ठेवलेली नाही, खऱ्या कारखान्यात ती असते. म्हणून ‘सगळे कामगार सारखेच’ असा निष्कर्ष यातून काढणे चूक आहे.

डेमिंग यांच्या वर्गातला याचा जोडीदार म्हणजे नरसाळ्याचा प्रयोग. नरसाळ्यातून खुणेवर गोटी सोडत राहायची. नरसाळे जागचे हलवले नाही तर गोट्या खुणेभोवती पडतात. प्रत्येक चुकीनंतर नरसाळे तेवढेच उलट सरकवले तर विचरण (गोट्या किती विखुरल्या याचे गणिती माप) दुप्पट होते. आणि आधीची गोटी जिथे थांबली तिथेच नरसाळे नेत गेले, तर गोट्या खुणेपासून वाहवत जातात. एका कामगाराने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला काम शिकवत जाण्याला डेमिंग याची उपमा देत.