बोटॉक्स आधी डोळ्यांचं औषध होतं, सुरकुत्यांचं नंतर झालं

आमच्या आईला ब्लेफॅरोस्पॅझम आहे, म्हणजे डोळे आपोआप घट्ट मिटतात, राजवाड्यासमोर रस्ता ओलांडताना मधेच मिटले की माझा हात धरून तिथेच उभी राहते. दर तीन-चार महिन्यांनी पापण्यांभोवती बोटॉक्सची इंजेक्शनं घ्यावी लागतात, आणि रामबागेतल्या ओळखीच्या काकू विचारतात, या वयात सुरकुत्या कशाला घालवायच्या? वाईट वाटतं हो, म्हणून लिहितेय.

हे मुळात विष आहे, खरंच. १८२० च्या आसपास जर्मनीत युस्टिनस केर्नर नावाचा डॉक्टर (कवीपण होता) खराब सॉसेज खाऊन आजारी पडलेले पेशंट बघत होता, पापण्या पडायच्या, घास गिळता यायचा नाही, शेवटी श्वास बंद. त्याने स्वतःवरही प्रयोग केले आणि १८२२ मध्ये लिहिलं की अगदी थोड्या मात्रेत हेच औषध म्हणून चालू शकेल. लॅटिनमध्ये सॉसेजला बोटुलस म्हणतात, या विषाचं बोटुलिनम हे नाव तिथून आलं. पुढे १८९५ मध्ये बेल्जियमच्या एका गावात मयताच्या जेवणातलं हॅम खाऊन वादक मंडळी आजारी पडली, त्यातून व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञांनी हे विष तयार करणारा जंतू शोधला. याच जंतूचे बीजाणू मधात असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आपल्याकडे अजून चाटवतात, प्लीज नका.

नस स्नायूला आखडायचा निरोप असिटिलकोलीन नावाचं रसायन सोडून देते, हे विष ते सुटूच देत नाही, स्नायू सैल पडतो. काही महिन्यांनी नस सावरते आणि असर उतरतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे अॅलन स्कॉट हे डोळ्यांचे डॉक्टर, त्यांना ऑपरेशनशिवाय तिरळेपणा बरा करायचा होता. त्यांनी हे विष आधी माकडांवर वापरून बघितलं, मग माणसांवर, आणि डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि ब्लेफॅरोस्पॅझमसाठी, तेव्हा नाव ऑक्युलिनम होतं, बोटॉक्स नंतर झालं. म्हणजे आईचा आजार पहिल्या यादीतच होता!

सुरकुत्यांचं कळलं ते १९८७ मध्ये व्हँकुव्हरला. जीन कॅरुदर्स याही डोळ्यांच्याच डॉक्टर, त्यांची ब्लेफॅरोस्पॅझमची एक पेशंट तक्रार करायला लागली की आज भुवयांच्या मधे का नाही टोचलं, तिथे टोचलं की माझा चेहरा निवांत दिसतो. घरी नवरा अॅलिस्टर स्किनचा डॉक्टर, त्याला सांगितलं, मग स्वतःच्या रिसेप्शनिस्टच्या कपाळावरच्या आठ्यांवर करून बघितलं, १९९२ मध्ये दोघांनी पेपर छापला. अमेरिकेत आठ्यांसाठी मंजुरी मिळायला मात्र एप्रिल २००२ उजाडलं.

आईच्या कपाळावरची आठीही गेलीय, काकूंना तीच दिसली असणार. इंजेक्शन दिलं की लगेच काही होत नाही, तीन-चार दिवस जातात. गेल्या खेपेला पाचव्या दिवशी सकाळी उठून बघते तर आई गॅलरीत पेपर वाचत बसलेली, चहा निवून गेला होता तरी डोकं वर नाही.