काळा ओटा: कडप्पा की ग्रॅनाइट?

गावातलं घर बघायला जोडपं आलं की पुरुष ओसरीत बसतो आणि बाई थेट सयपाकाच्या खोलीत जाते. समोरचा रस्ता किती फुटांचा, नळ किती दिवसांनी येतो, शेजारी कोण, हे बाहेर विचारून होईपर्यंत आत ओट्यावरून हात फिरवून झालेला असतो. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या आमच्या गावातलं वडिलांचं घर आम्ही भावंडांनी विकायला काढलं, तेव्हा पहिल्याच बाईंनी आतून आवाज दिला, "भाऊ, हे गरनाइट हाय का कडप्पा?"

मी छातीठोकपणे सांगितलं, "ग्रॅनाइट."

त्यांनी ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं, वाकून दगडाची खालची बाजू पाहिली आणि काही न बोलता बाहेर आल्या. चहा घेतला. परत काही आल्या नाहीत.

माझं उत्तर खोटं होतं, पण मला ते ठाऊक नव्हतं. घराला गिऱ्हाईक चांगलं यावं म्हणून आम्ही वर्षभरापूर्वी ओटा नवा केला होता. दुकानातून काळा ग्रॅनाइट म्हणून दगड आणला, बिलावर नुसतं 'काळा स्टोन' असं लिहिलेलं होतं, आणि ते वाचायची गरज कोणालाच वाटली नाही. पुढे जेष्ठात बहीण आली. तिने लोणच्याच्या कैऱ्या ओट्यावरच फोडल्या, रस तसाच राहिला. सकाळी पाहतो तर आरशासारख्या काळ्या दगडावर जिथे जिथे फोडी होत्या तिथे तिथे राखाडी, मंद डाग. पुसले, घासले, तेल लावलं. डाग तिथेच. ग्रॅनाइटवर कैरीचे असे डाग पडत नाहीत. कडप्प्यावर पडतात.

दोन्हींत गल्लत होणं साहजिक आहे. दोन्ही काळे, दोन्ही गुळगुळीत, आणि दुकानात पाणी मारून उभे करून ठेवले की भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. मुळात मात्र त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

कडप्पा हा चुनखडक. आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्याचं नाव त्याला पडलं. तिकडे आणि शेजारच्या कर्नूल भागात तो निघतो. पाण्याच्या तळाशी थरावर थर साचून तयार झालेला दगड, त्यामुळे खाणीतून निघतानाही तो थरांनीच सुटतो आणि फरशीसारखा सपाट मिळतो. शहाबादी फरशी त्याची चुलत बहीण. तीही चुनखडकच, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली. आपल्याला चुनखडक काही परका नाही. वणी, कोरपना, गडचांदूरकडे तोच भट्टीत घालून सिमेंट करतात. म्हणजे कडप्प्याचा ओटा आणि त्याच्या खालचं सिमेंट ही नात्यातलीच मंडळी.

ग्रॅनाइट हा आगीतून आलेला दगड. जमिनीच्या पोटातला वितळलेला रस खोलवर, फार सावकाश थंड झाला की त्यात दाणे धरतात. आता गंमत बघा. ज्याला बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणतात तो भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नसतोच. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलक्सी आंध्रातल्याच प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा, त्याला शास्त्रात गॅब्रोच्या घराण्यात बसवतात; निव्वळ काळा असतो तो बहुधा डोलेराइट. हे दोन्ही आपल्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या जवळचे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून पश्चिम विदर्भावर जो काळा दगड बसला, त्याचंच आजीचं जातं, त्याचाच पाटा-वरवंटा. शेकडो रुपये मोजून आपण ओट्यावर जो 'ग्रॅनाइट' बसवतो, त्याच्या सख्ख्या भावावर आजी मिरच्या वाटत होती. पाटा वर्षानुवर्षं चिंच, लिंबू, आंबाडी सोसतो, तो हा दगड आंबटाने विरघळत नाही म्हणून.

आंबटाचा हा फरक म्हणजे दोन्ही दगडांमधला खरा फरक, आणि तो घरबसल्या तपासता येतो. चुनखडकात कॅल्साइट असतं. आम्ल लागलं की ते विरघळतं आणि वायू सुटतो. ओट्याच्या कोपऱ्यात, शेगडीमागे दिसणार नाही अशा जागी लिंबाचे दोन थेंब टाका आणि दहा मिनिटांनी पुसा. चमक गेली असेल तर बहुतेक कडप्पा. 'बहुतेक' एवढ्यासाठी, की स्वस्तातल्या करड्या ग्रॅनाइटला काळा रंग चोळून विकणारेही आहेत आणि लिंबाने त्यांचा रंगही फिका पडतो. तशी शंका आली तर पांढऱ्या कापसावर नखांचं रंग काढायचं औषध घ्या आणि दगडावर घासा. कापूस काळा झाला तर रंग चोळलेला आहे. दगड अजून दुकानातच असेल तर याहून सोपं: पॉलिश नसलेल्या मागच्या बाजूवर संडास धुवायच्या ॲसिडचा एकच थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले की तो चुनखडक. हे उघड्यावर करा, हात सांभाळा, आणि दुकानदाराला आधी विचारा. ज्याचा दगड खरा असतो तो सहसा नाही म्हणत नाही.

सुरीची खूणही आहे. खनिजांच्या कठीणपणाच्या १० अंकी मापात कॅल्साइट ३ वर, पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास, ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार ६ वर. म्हणून सुरीची टोकदार रेघ कडप्प्यावर पांढरी उमटते, ग्रॅनाइटवर सुरीच घसरते. आणि त्या पहिल्या बाईंनी केलं ते सगळ्यात सोपं. कडप्प्याची कापलेली कड नीट पाहिली तर थर दिसतात, कुठेकुठे खपली सुटलेली असते, खालची बाजू राखाडी आणि खवल्यांची. ग्रॅनाइटची खालची बाजू करवतीने कापलेली, सरळ, दाणेदार. त्या बाईंना भूगर्भशास्त्र येत नसावं, पण त्यांनी खालून पाहिलं.

आता आमच्या भागाचं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. बोअरचं पाणी ओट्यावर वाळलं की पांढरी साय राहते, आणि काळ्या दगडावर ती जास्तच उठून दिसते. मग घरातली बाई ती काढायला लिंबाचं साल घासते, व्हिनेगर घालते, नाहीतर बाथरूमचं ॲसिड पातळ करून फिरवते. ग्रॅनाइट हे कधीमधी सोसतो. कडप्प्यावर मात्र पांढऱ्या थरासोबत पॉलिशही जातं, तो मळकट दिसतो, मळकट दिसतो म्हणून आणखी घासला जातो, आणि दोन-तीन वर्षांत ओटा पार मातकट होतो. गोड्या पाण्याच्या गावी, भंडारा-गोंदियाकडे, कडप्पा बिचारा बराच टिकतो. आमच्याकडे त्याला रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसणारा माणूस हवा. विकायला काढलेल्या, कुलूप लावलेल्या घरात तो कुठून आणायचा?

तरी कडप्प्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही. ओट्याखालचे कप्पे, पाण्याचे गुंड आणि माठ ठेवायची जागा, खिडकीची खालची फळी, मोरीचा कठडा, या सगळ्यांसाठी तोच बरा. स्वस्त, सपाट, वजन पेलणारा, आणि गावच्या कोणत्याही मिस्त्रीला कापता येणारा. पॉलिश गेलं तर मशीन आणून जागेवर पुन्हा करता येतं. काळा उजळावा म्हणून आमच्याकडे थोडं तेल चोळतात. त्याने चार दिवस छान दिसतो, पण धूळही बसते, आणि घर बघायला येणाऱ्याच्या बोटाला तेल लागलं की तो समजायचं ते समजतो.

पैशाचा हिशेब ऐका. खेड्यातल्या घराचा ओटा साधारण आठ फूट लांब, दोन फूट रुंद, म्हणजे सोळा चौरस फूट. ग्रॅनाइट आणि कडप्प्यात चौरस फुटाला शंभर रुपयांचा फरक धरला तरी सोळाशे रुपये. घराचा व्यवहार लाखांत आणि आपण सोळाशेसाठी दगडाचं नाव बदलून घेतो. खरा खर्च जुना ओटा फोडणं, विटा, कडेची गोलाई, सिंकची कापणी आणि मिस्त्रीची मजुरी यांचा, आणि तो दोन्ही दगडांना जवळपास सारखाच. म्हणून नवा ओटा करायचाच असेल तर वरचा दगड ग्रॅनाइट घ्यावा, बाकी सगळं कडप्प्यात करावं. आधीचा कडप्पा अखंड असेल तर मात्र त्याला हात लावू नये. कडप्पा आहे म्हणून सांगावं आणि गप्प बसावं.

आणि दगड बदलायच्या आधी त्याच्या खाली पाहावं. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओट्याचे विटांचे पाय खाली पाया न घालता तसेच जमिनीवर उभे केलेले असतील तर ते दरवर्षी थोडे वर, थोडे खाली होतात. मग दगड मध्येच तडकतो. कडप्पा आधी, ग्रॅनाइट नंतर, पण तडकतो. आमचा जुना ओटा असाच गेला होता आणि आम्ही फक्त वरचा दगड बदलला. दुसऱ्या खेपेला आलेला मिस्त्री टॉर्च मारून खाली पाहत म्हणाला, "भाऊ, आधी खालचं पाह्य, मंग वरचं." त्याने माती काढून मुरूम कुटला, पाय पुन्हा बांधले, वर सळ्या टाकून पातळ स्लॅब घातला आणि मग दगड ठेवला. हे काम बाहेरून दिसत नाही, पण सांगण्यासारखं आहे, आणि त्याचे फोटो आम्ही काढून ठेवले.

आता गावात ओटा तरी का लागतो? चुलीला लागत नव्हता. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि ज्या घरांत कधी सिलिंडर नव्हता तिथेही तो आला. बऱ्याच ठिकाणी शेगडी चुलीशेजारी जमिनीवरच मांडली गेली. ते चुकीचं आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर खाली उभा आणि शेगडी त्याच्या वर हवी. घर बघायला आलेली सून ओटा पाहते तेव्हा ती उभ्याने सयपाक करता येईल का हेही पाहत असते. ओट्याची उंची तिच्या कंबरेशी जुळली नाही तर ग्रॅनाइट काय आणि कडप्पा काय.

मॉड्युलर ट्रॉल्यांचा मोह आम्ही टाळला. प्लायवूडच्या ट्रॉल्या, उंदीर आणि मोरीची ओल, हे तिन्ही एका खोलीत सुखाने नांदत नाहीत. त्या पैशांत चुलीच्या धुराने काळी झालेली भिंत खरवडून पुन्हा रंगवली आणि ओट्यावर एक खिडकी पाडली. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत उभं राहून पाहा, म्हणजे खिडकीची किंमत कळेल.

सरकारी मूल्यांकनात ओट्याच्या दगडाला जागा नाही. मुद्रांक शुल्कासाठी क्षेत्र, बांधकामाचा प्रकार आणि घराचं वय धरतात. घेणाऱ्याला कर्ज काढायचं असेल तर बँक ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा, आणि आता गावठाणातल्या घरांची मोजणी करणाऱ्या स्वामित्व योजनेतलं प्रॉपर्टी कार्ड मागते. वडिलांच्या नावावरून आमच्या नावांवर नोंद व्हायला ओट्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला, पण ती वेगळी कथा.

दगड बदलला. या वेळी बिलावर 'ग्रॅनाइट' हा शब्द लिहून घेतला आणि मागच्या बाजूला थेंब टाकूनच गाडीत चढवला. उतरवलेला कडप्पा फेकला नाही. त्याचे तुकडे कापून ओट्याखाली कप्पे केले, एक मोरीला लावला. बहिणीच्या कैऱ्यांच्या डागांसकट.

परवा अंजनगावकडचं एक जोडपं आलं. बाई आत गेल्या. मी मागोमाग गेलो आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "वर ग्रॅनाइट आहे, खालचे कप्पे कडप्प्याचे." त्यांनी मान हलवली. मग माठातून लोटाभर पाणी घेतलं आणि ओट्याच्या मधोमध ओतलं. आम्ही दोघं पाहत राहिलो. पाणी क्षणभर थांबलं, मग सिंककडे न जाता हळूहळू भिंतीच्या कोपऱ्याकडे सरकलं.

"ढाळ उलटा हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "मिस्त्रीले बोलवा. मंग भावाचं बोलू."