बोळातले ससाणे

पुण्याच्या पेठांमधला एक व्हिडिओ अधूनमधून नव्याने फिरतो, गाड्या तेवढ्या बदलतात. सदाशिव किंवा नारायण पेठेतला बोळ, दोन्ही कडांना लावलेल्या दुचाक्या, मधोमध नाकाला नाक लावून उभ्या दोन मोटारी, आणि मागे कुणीच घेत नाही. खाली प्रतिक्रिया ठरलेली: ‘पुणेकरच ते!’ कुणी संस्कार काढतं, कुणी मुठेच्या पाण्याला दोष देतं. पण खडकवासल्याचं तेच पाणी पिणारा तोच माणूस ताम्हिणी घाटात उतरताना चढणाऱ्या गाडीसाठी निमूट कडेला थांबतो. स्वभाव वाटेतल्या पिरंगुटला उतरवून ठेवता येत नाही. मग फरक कशाचा?

याचं सर्वात देखणं उत्तर प्राणिशास्त्रातून येतं. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांना प्रश्न पडला होता की शिंगं, नखं, दात असलेले प्राणी आपसातली बहुतेक भांडणं जीव न घेता कशी मिटवतात. ‘प्रजातीच्या भल्यासाठी’ हे तेव्हाचं लाडकं उत्तर. १९७३ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात त्यांनी दाखवलं की भलेपणा गृहीत धरायची गरजच नाही, प्रत्येकाचा स्वतःचा हिशेब पुरतो. त्या हिशेबाच्या सर्वात सोप्या रूपात दोन पात्रं असतात: शेवटपर्यंत भिडणारा ससाणा आणि माघार घेणारं कबूतर.

तो हिशेब बोळात आणू. आकडे माझे, सोयीपुरते. एक अडला आणि दुसऱ्याने मागे घेतली, तर मागे घेणाऱ्याचं १ मिनिट जातं, अडणाऱ्याचं काहीच नाही. दोघेही कबूतर निघाले तर ‘तुम्ही या, नाही तुम्ही या’ यात प्रत्येकाचं अर्धं मिनिट. दोघेही ससाणे असतील तर प्रत्येकी १० मिनिटं. आता गावात ससाण्यांचं प्रमाण क्ष धरा. ससाण्याचा सरासरी तोटा १०क्ष. कबुतराचा तोटा क्ष + ०.५(१ − क्ष), म्हणजे ०.५ + ०.५क्ष. दोन्ही सारखे होतात तेव्हा क्ष = १/१९, शंभरात पाचेक.

इथे जरा थांबा, कारण गंमत या १/१९ मध्ये आहे. ससाणे याहून वाढले तर ते एकमेकांवरच आदळतात आणि कबूतर होणं परवडतं. कमी झाले तर समोरचा हटणारच या खात्रीने अडून बसणं परवडतं. प्रमाण पुन्हा तिथेच येऊन बसतं. चार ससाण्यांना व्याख्यान देऊन कबूतर केलंत, तरी रिकाम्या जागेवर चार कबुतरं ससाणे होतील. सौजन्य सप्ताह का टिकत नाहीत, ते या एका समीकरणात आहे.

आता १० च्या जागी २ मिनिटं घाला. क्ष थेट १/३ होतो. म्हणजे अडून बसणं जितकं स्वस्त, तितके ससाणे जास्त. आणि पेठेत ते स्वस्तच असतं. चौथ्या मिनिटाला कुणीतरी काका पानाच्या गादीवरून उठून ‘हां, येऊ द्या, येऊ द्या’ करत वाहतूक सोडवतातच. शिवाय मागे खोळंबलेल्या रिक्षा, स्कूलव्हॅन आणि टेम्पो यांची मिनिटं दोघांपैकी कुणाच्याच हिशेबात नसतात.

पुस्तकी गणितात नसलेली एक गोष्ट मात्र खास आपली आहे: दुचाक्या. दोन मोटारी थांबल्या की अर्ध्या मिनिटात मागची सगळी मोकळी जागा स्कूटरांनी भरते. मागे घेण्याची किंमत १ मिनिटावरून ५ वर, मग अशक्यावर जाते. मनाने कबूतर असलेला माणूसही आता ससाणा दिसतो, कारण त्याला हलताच येत नाही. व्हिडिओ काढला जातो तो बहुधा याच टप्प्यावर. खरा निर्णय पहिल्या दहा सेकंदांत झालेला असतो, तो कुणी चित्रित करत नाही.

काही जण तर मुद्दाम इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून मोबाईल काढतात. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या थॉमस शेलिंग यांनी ही चाल केव्हाच ओळखली होती: स्वतःची माघार जाहीरपणे बंद करा, म्हणजे निर्णयाचं ओझं समोरच्यावर पडतं. समोरच्यानेही हँडब्रेक ओढला की शास्त्र संपतं.

यातून सुटायला मेनार्ड स्मिथ यांनी तिसरं धोरण मांडलं: ‘जागा माझी असेल तर ससाणा, पाहुणा असेन तर कबूतर.’ सगळे असे वागले तर भांडणच होत नाही. ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलात प्राणिशास्त्रज्ञ निक डेव्हिस यांनी फुलपाखरांत हे पाहिलं. जमिनीवर पडलेला उन्हाचा कवडसा ज्या नराच्या ताब्यात, तो दर वेळी जिंकायचा. आलेला नर क्षणभर गिरक्या घेऊन निघून जायचा. मग डेव्हिस यांनी एका नराच्या नकळत दुसरा नर त्याच कवडशात बसवला. दोघेही मालक! त्यांची झुंज नेहमीपेक्षा कितीतरी लांबली. (निकालाचं कारण मालकी की उन्हाने तापलेलं अंग, यावर पुढे वाद झाला; तर्क त्याने मोडत नाही.)

वळणाच्या बोळात दोन टोकांनी शिरलेले चालक म्हणजे हेच दोन नर. एकमेकांना न पाहता आत आले, त्यामुळे ‘मी आधी आलो’ हे दोघांनाही प्रामाणिकपणे वाटतं. घाटात असं होत नाही, कारण चढ कुणाला आहे हे दोघांना सारखंच दिसतं, आणि वाहतुकीचा नियमही चढणाऱ्यालाच आधी जाऊ देतो. आपल्या पार्किंगच्या पी-१, पी-२ पाट्या घ्या: सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. यात न्याय शोधाल तर सापडणार नाही. पण तारीख दोघांच्या मोबाईलवर एकच असते. खूण निरर्थक असली तरी चालते, ती दोघांना एकच दिसायला हवी. बंपरच्या लिंबू-मिरचीचं तसं नाही, ती दोघांच्याही बंपरला असते. हॉर्नही दोघांकडे आणि फुकट, म्हणून त्यातून काहीच ठरत नाही. डिपरचा इशारा इंग्लंडात बहुधा ‘तुम्ही या’ म्हणून देतात, आपल्याकडे ‘मी येतोय’ म्हणून. दोन्ही चालतं, गावात एकच अर्थ असला म्हणजे झालं. काचेमागचा चेहरा आणि हाताची खूणही दिसावी लागते. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली ती गुन्हेगारीच्या काळजीने, पण बोळालाही तिचा उपयोग आहे.

‘एआय सिग्नल’ने हे सगळं सुटेल, असं हल्ली दर परिषदेत ऐकू येतं. मोठ्या चौकात सुटेलही थोडंफार. बोळाच्या वळणावर मात्र एक फुगीर आरसा पुरतो: शिरण्याआधीच समोरची गाडी दिसली की दोन मालक तयार होत नाहीत. अट एवढीच, की त्या आरशाखाली कुणी टेम्पो लावू नये.