नोव्हेंबर-डिसेंबरात न्यू जर्सीच्या मलिका नदीवर मासे धरायला येताय? आधी हे वाचून या

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर संपत आला की आम्हाला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे "आता बोट बंद करणार ना?" आणि आम्ही दरवर्षी तेच सांगतो, अहो नाही, खरा सीझन तर आत्ता लागलाय. उन्हाळ्यातली गर्दी गेली, जेट स्की गेल्या, डास गेले, त्या हिरव्या डोळ्यांच्या चावऱ्या माश्या गेल्या, खाडी शांत आहे आणि मासा भुकेला आहे. बोटीवर पाय ठेवायच्या आधी तुम्हाला काय मिळतं, कधी मिळतं, घरी काय नेता येतं आणि परत काय सोडायचं हे माहीत असावं म्हणून हा कागद. जरा लांबलाय पण पूर्ण वाचा, सोबत पोरं असतील तर नक्कीच.

आमची भाड्याने चालणारी मासेमारीची बोट एकच आहे. कॅप्टनकडे कोस्ट गार्डचं लायसन्स आहे आणि त्या लायसन्सवर जास्तीत जास्त सहा जणच घेता येतात, त्यामुळे "आम्ही सात आहोत, एक लहानच आहे" असं कृपया म्हणू नका, लहान मूल पण माणूसच धरलं जातं. भाडं पूर्ण बोटीचं असतं, माणशी नाही. रॉड, रील, आमिष, बर्फ सगळं आमचं.

जागा कुठली

दक्षिण न्यू जर्सीतली मलिका नदी आणि ती जिथे मिळते तो ग्रेट बे, म्हणजे मोठी उघडी खाडी. गार्डन स्टेट पार्कवे या हायवेने अटलांटिक सिटीकडे जाताना तुम्ही ही नदी पुलावरून कितीतरी वेळा ओलांडली असेल, खाली बघितलं नसेल एवढंच. नदी पाइन बॅरन्सच्या जंगलातून येते आणि वरच्या भागात पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसतं. नवीन माणूस बघून म्हणतो पाणी घाण आहे. घाण अजिबात नाही, सीडरची झाडं आणि पालापाचोळ्याचा तो रंग आहे, त्यात जमिनीतलं लोह. त्याच लोहावर १७६६ साली बाट्स्टोला लोखंडाची भट्टी उभी राहिली होती, ते गाव अजून जपून ठेवलंय, परत जाताना वेळ असेल तर पोरांना दाखवा. खाली आलं की दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल गवताळ दलदल, मग उघडा ग्रेट बे, आणि लिटल एग इनलेटमधून, म्हणजे खाडीच्या समुद्राकडच्या तोंडातून, सरळ अटलांटिक महासागर. किनाऱ्यावर बांधकाम फार कमी आहे, आणि इथे मासा टिकून आहे त्याचं मोठं कारण आमच्या मते हेच.

ज्यांचं लहानपण कोकणात गेलंय त्यांना हे लगेच कळतं. वर गोडं पाणी, मध्ये मचूळ, मुखाशी खारं, आणि दिवसातून दोनदा भरती दोनदा ओहोटी. आम्ही गावाला खाडीवर गरवायला जायचो तेव्हा जे शिकलो त्यातलं निम्मं इथे जसंच्या तसं चालतं.

मासे दोन, आणि दोघं एकाच घरातले

स्ट्राइप्ड बास म्हणजे अंगावर सात-आठ काळ्या आडव्या रेघा असलेला तगडा मासा. व्हाइट पर्च त्याच्यापुढे लहान, चंदेरी, बहुतेक वेळा आठ ते दहा इंच. नावात पर्च असला तरी तो खरा पर्च नाही, तो बासचाच चुलत भाऊ, दोघांचं कुळ मोरोनिडी. आपल्याकडचे लोक बासला बघून हटकून म्हणतात की हा जिताड्यासारखा दिसतो, चव पण थोडी तशीच, आणि दोघंही गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यात फिरणारे. पण फिरणं उलटं आहे. जिताडा गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाली खाऱ्याकडे येतो, बास समुद्रात वाढतो आणि वसंतात अंडी घालायला वर नदीच्या गोड्या पाण्यात जातो. हडसन, डेलावेअर आणि चेसापीक खाडीच्या नद्या ही त्यांची मोठी माहेरं.

उन्हाळ्यात मोठे बास न्यू इंग्लंडकडे असतात आणि पाणी गार व्हायला लागलं की किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघतात, ते साधारण थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबर अखेरच्या) आगेमागे आमच्या समोरून जातात. त्यांच्यापुढे बंकर नावाच्या माशाचे थवे पळत असतात, हा आपल्या तारलीच्या नात्यातला तेलकट मासा, आणि जिथे बंकर तिथे बास. पाणी ५५ फॅरनहाइटच्या खाली आलं की खाणं जोरात चालू होतं आणि ४५ च्या खाली गेलं की बे मधला बास सुस्त पडतो. म्हणून आम्ही बुकिंग घेताना तारीख पक्की करतो पण जागा पक्की करत नाही, आदल्या रात्री पाण्याचं तापमान आणि वारा बघून ठरवतो की इनलेटकडे जायचं, पुलांखाली जायचं की सरळ नदीत वर शिरायचं. लहान बास तर पूर्ण हिवाळा नदीतच मुक्काम करतात, ते वेगळेच.

पर्चचं सोपं आहे. थंडी वाढली की ते नदीच्या मचूळ पट्ट्यातल्या खोल डोहांमध्ये गोळा होतात, आणि एकदा डोह सापडला की एकामागून एक येतात. डिसेंबरात बाकी सगळं थंडावलं तरी पर्च खातो.

भरतीचं गणित, हे नीट वाचा

लोक विचारतात चांगला स्पॉट कुठला. आमचं म्हणणं असं की या दिवसात स्पॉटपेक्षा वेळ मोठी. पाणी थांबलेलं असेल तर उत्तम जागा पण रिकामी वाटते, आणि पाणी चालू झालं की त्याच जागी रॉड वाकतो. बास आळशी शिकारी आहे, तो पुलाच्या खांबाच्या आड नाहीतर वळणाच्या खोलगट कडेला तोंड प्रवाहाकडे करून थांबतो आणि प्रवाह जे आणून देईल ते खातो. ओहोटीला दलदलीतल्या छोट्या नाळांमधून कोळंबीची पिल्लं, बारके मासे सगळं नदीत वाहून येतं, म्हणून ओहोटी लागल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास आमचे सगळ्यात आवडते. त्यात दुपारची ओहोटी मिळाली तर अजून छान, कारण उथळ चिखलावर ऊन खाल्लेलं पाणी खाली उतरतं आणि एक-दोन डिग्रीचा फरक पण या दिवसात माशाला जाणवतो.

अजून एक गोष्ट जी आम्ही ठेच लागून शिकलो. पहिल्या वर्षी आम्ही इनलेटच्या भरतीची वेळ बघितली आणि तीच वेळ धरून ग्राहकांना नदीत खूप वर घेऊन गेलो, आणि चार माणसं थंडीत तीन तास मेलेल्या पाण्यावर बसून राहिली. इनलेटला पाणी फिरलं तरी वर नदीकाठच्या ग्रीन बँक गावाकडे ते फिरायला काही तास लागतात. त्या दिवसाचे पैसे आम्ही परत केले. तेव्हापासून नदीतल्या प्रत्येक वळणाची वेळ आम्ही वहीत लिहून ठेवतो, आणि म्हणूनच कधी सकाळी सहाला बोलावतो तर कधी अकराला, त्यामागे आमची सोय नसते. शक्यतो अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची भरती घ्या, बासला जोराचं पाणी आवडतं. पर्चसाठी मात्र भांगाचं शांत पाणी बरं, हलकं शिसं तळाला टिकतं आणि बारीक चावा कळतो.

वाऱ्याचं पण सांगतो. थंडीची लाट आली की मागून वायव्येचा वारा सुटतो आणि बे मधलं पाणी बाहेर लोटतो, तेव्हा ओहोटी कागदावर लिहिलीय त्याहून खाली जाते आणि बोट चिखलात टेकू शकते. अशा दिवशी आम्ही रद्द म्हटलं तर प्लीज वाद घालू नका, पैसे परत मिळतात किंवा दुसरी तारीख मिळते.

सामान आणि हात कसा चालवायचा

बाससाठी सात फुटी रॉड, २० ते ३० पौंडी विणलेली (ब्रेडेड) लाइन, पुढे फ्लोरोकार्बनचा लीडर म्हणजे दोरीचा पारदर्शक तुकडा, आणि शेपटी हलणारा रबरी मासा अर्धा ते एक औंस जिगहेडवर, म्हणजे वजनदार डोक्याच्या गरीवर. गार पाण्यात सगळ्यांची एकच चूक होते, घाई. जिग तळाला जाऊ द्या, हळूच उचला, परत जाऊ द्या, तुम्हाला कंटाळा येईल इतकं हळू. चावा बहुतेक वेळा जिग खाली पडतानाच येतो.

पर्चला हलका रॉड, दोन छोट्या गऱ्या वरखाली बांधलेल्या आणि खाली शिसं, गरीला ब्लडवर्म या समुद्री किड्याचा नखाएवढा तुकडा किंवा जिवंत ग्रास श्रिंप, जी साधारण आपल्या करंदीएवढी असते. ब्लडवर्म मेन राज्यातल्या चिखलातून खणून येतात आणि महाग असतात, म्हणून तुकडे लहान करा, मासा तेवढ्यावर पण येतो. पोरांनी वर्मला हात लावायचा नाही, त्याला चार दात असतात आणि ते जोरात चावतं, गरीला आम्ही लावून देऊ. पर्चचा चावा म्हणजे दोन बारीक टकटक, तिसऱ्याला उचला. पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना आम्ही आधी पर्चवरच बसवतो, कारण बास रुसू शकतो पण डोह बरोबर असेल तर पर्च मुलांना सहसा रिकाम्या हाती पाठवत नाही, आणि मुलाने पहिला मासा स्वतः ओढला की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

नियम, आणि इथे आम्ही कोणाचंही ऐकत नाही

स्ट्राइप्ड बास माणशी दिवसाला एकच, आणि तो २८ इंचाला पूर्ण आणि ३१ इंचाच्या आत पाहिजे. २७ पॉइंट ९ असेल तर सोडायचा, ३१ असेल तर सोडायचा. जिवंत किंवा कापलेलं आमिष वापरून बास धरायचा असेल तर सर्कल हुकच लागते, म्हणजे टोक आत वळलेली पण बाजूला न झुकलेली गोल गरी, ती सहसा माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात बसते, पोटात जात नाही. नदी आणि बे मधला बासचा सीझन ३१ डिसेंबरला बंद होतो आणि १ मार्चला उघडतो, मधल्या काळात आम्ही फक्त पर्चच्या ट्रिप करतो. बास विकणं न्यू जर्सीत बेकायदेशीर आहे, रेस्टॉरंटवाल्या मित्राला द्यायचाय वगैरे चालणार नाही. आमच्या बोटीवर तुम्हाला रजिस्ट्रेशन लागत नाही, पण उद्या स्वतः किनाऱ्यावरून समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात गळ टाकणार असाल तर राज्याची सॉल्टवॉटर रजिस्ट्री करा, फुकट आहे. नियम बदलत असतात म्हणून निघायच्या आठवड्यात आम्ही ताजे नियम परत पाठवतो.

हा एवढा कडकपणा कशाला असं विचारतात. १९८० च्या दशकात हा मासा जवळजवळ संपला होता, मेरीलँडला १९८५ ते १९९० पूर्ण बंदी घालावी लागली, आणि त्या बंदीमुळे तो परत आला. आता पुन्हा काळजीचे दिवस आहेत, चेसापीकमध्ये २०१९ पासून दरवर्षी पिल्लं सरासरीपेक्षा कमी निघतायत. ३१ इंचावरचे मासे बहुतेक माद्या असतात आणि मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. म्हणून मोठा मासा आमच्या बोटीवर पाहुणा म्हणून येतो आणि पाहुणा म्हणूनच परत जातो.

सोडायचा पण नीट सोडायचा. किनाऱ्यावरच्या राज्यांचा मत्स्य आयोग हिशोबात धरतो की सोडलेल्या बासपैकी ९ टक्के नंतर मरतात, आमच्या हातून तरी तो आकडा कमी व्हावा असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून रबरी जाळी, ओले हात, कोरड्या डेकवर टाकायचा नाही, कल्ल्यात बोटं घालून उभा लटकवायचा नाही. फोटो काढा, जरूर काढा, पण फोन आधी हातात तयार ठेवा, एका हाताने जबडा आणि दुसरा पोटाखाली, दहा सेकंद, मग पाण्यात धरून ठेवा जोपर्यंत तो स्वतः शेपटी मारून जात नाही. गेल्या डिसेंबरात एका आजींनी चाळीस इंचाच्या वरचा बास ओढला, नातवंडं म्हणाली आजी फोटो, तर त्या म्हणाल्या आधी तिला पाणी दाखवा. फोटो राहिला. त्या आजींना या वर्षी ट्रिप आमच्याकडून.

घरी नेल्यावर

पर्च आम्ही साफ करून देतो. अख्खा ठेवून दोन चिरा, हळद, मीठ, आगळ, मालवणी मसाला आणि रव्यात घोळवून तव्यावर, याच्यापुढे आम्हाला दुसरं काही सुचत नाही. बासच्या जाड तुकड्या आमसूल घातलेल्या कालवणात छान लागतात, मांस घट्ट असतं, फुटत नाही. पण एक गंभीर गोष्ट, या पाण्यातल्या माशांत, विशेषतः बासमध्ये, पीसीबी नावाची जुनी कारखान्यांची रसायनं चरबीत साठतात आणि त्यावर राज्य सरकारच्या खाण्याच्या सूचना आहेत. गरोदर बायका, बाळाला दूध पाजणाऱ्या आया आणि लहान मुलांसाठी त्या जास्त कडक आहेत, छापील प्रत बोटीवर मिळेल, ती वाचूनच मुलांच्या ताटात वाढा. कातडी, पोटाची चरबी आणि मधली लालसर पट्टी काढून टाकली की बरंच कमी होतं, बासचं ते आम्हीच काढून देतो.

येताना

थंडी घरातून वाटते त्यापेक्षा पाण्यावर खूप जास्त असते. कॉटनची जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही, लोकरीचे किंवा थर्मल कपडे थरावर थर, कानटोपी, दोन जोड हातमोजे. लाइफ जॅकेट आम्ही सगळ्यांनाच घालायला लावतो, कायदा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सांगतो पण ४५ डिग्री फॅरनहाइटच्या पाण्यात मोठ्या माणसाचे हात पण दहा मिनिटांत निकामी होतात, पोहता येतं हे तिथे उपयोगाचं नाही. उलटीचा त्रास असेल तर गोळी आदल्या रात्री घ्या. डब्यात गरम काहीतरी असू द्या, चहाचा मोठा थर्मास आमचा. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारच्या ट्रिपला उशीर झाला तर वेळ पुढे वाढवता येत नाही, पार्कवेचा ट्रॅफिक धरून अर्धा तास आधीच निघा आणि धक्क्यावर आलात की आधी आत येऊन हात शेकून घ्या, बोट गरम होईपर्यंत आम्ही गाठ कशी मारायची ते दाखवतो.